नवजात बालकाची पहिली शी आणि आतड्यावरील शस्त्रक्रिया

सिल्लोड तालुक्यातील एखाद्या घरी मूल जन्माला आले की प्रथम चौकशी होते ती त्याच्या वजनाची, रडण्याची आणि दूध पिण्याची. बाळाने पहिली शी केव्हा केली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. विचारले तरी ते कोठे लिहून ठेवले जात नाही. ही बाब क्षुल्लक वाटते. तथापि बालकांच्या आतड्याच्या एका गंभीर जन्मजात विकारात मुलाचे आयुष्य बहुधा याच एका नोंदीवर अवलंबून असते. त्या विकारावर शस्त्रक्रिया आहे, ती यशस्वी होते आणि तिचा खर्च उचलण्यासाठी शासनाच्या योजनाही आहेत. उणीव असते ती वेळेवर ओळख पटण्याची. आणि ही ओळख शस्त्रक्रियागृहात नव्हे, तर गावात, उपकेंद्रात व प्रसूतिकक्षात पटावयाची असते.

विकाराचे स्वरूप

आतडे म्हणजे केवळ एक पोकळ नळी नव्हे. त्याच्या भिंतीत स्नायू असतात आणि त्या स्नायूंच्या थरांत मज्जापेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात. वैद्यकीय भाषेत त्यांना गँग्लियॉन पेशी म्हणतात. या पेशींच्या आज्ञेने आतडे क्रमाने आकुंचन व प्रसरण पावते आणि आतील मल पुढे सरकतो. आईच्या पोटात गर्भ वाढत असताना, साधारणपणे पाचव्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान, या पेशी अन्ननलिकेच्या बाजूने खाली प्रवास करीत गुदद्वारापर्यंत पोहोचतात. काही बालकांत हा प्रवास मध्येच थांबतो. मग मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात या पेशी नसतातच. तो भाग सैल पडू शकत नाही, कायम आवळलेला राहतो आणि वरून आलेला मल व वायू तेथे अडून बसतो. वरचे निरोगी आतडे फुगत जाते, पोट तट्ट होते.

या विकाराला हिर्शस्प्रुंग रोग असे नाव आहे. सुमारे पाच हजार जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. मुलींपेक्षा मुलांत त्याचे प्रमाण सुमारे चौपट आहे. बहुसंख्य रुग्णांत दोष मोठ्या आतड्याच्या केवळ शेवटच्या टप्प्यापुरता असतो; थोड्या बालकांत मात्र तो संपूर्ण मोठ्या आतड्यापर्यंत पसरलेला असतो. काही कुटुंबांत तो एकाहून अधिक भावंडांत दिसतो, तसेच डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांतही त्याचे प्रमाण अधिक असते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गरोदरपणी आईने काय खाल्ले, ग्रहणात ती बाहेर पडली काय, तिने कोणते काम केले, यांचा या विकाराशी काहीही संबंध नाही. पेशींचा प्रवास थांबतो तेव्हा अनेक स्त्रियांना आपण गरोदर असल्याची नुकतीच खात्री पटलेली असते. घरातील सुनेला दोष देण्यात जे दिवस जातात ते उपचाराचे दिवस असतात.

साठ वर्षे चुकीच्या जागी शोध

या विकाराचा इतिहास बोधप्रद आहे. कोपनहेगन येथील बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये बर्लिन येथील वैद्यकीय सभेत दोन बालकांची हकीकत मांडली. दोघांनाही जन्मापासून मलावरोध होता, दोघांची पोटे फुगलेली होती आणि दोघेही वर्षाचे होण्यापूर्वीच दगावले. शवविच्छेदनात मोठे आतडे प्रचंड ताणलेले आढळले. डोळ्यांना जे दिसले त्यावरूनच निष्कर्ष निघाला : फुगलेले आतडे हाच रोग.

पुढे सुमारे साठ वर्षे शल्यचिकित्सक या फुगलेल्या भागाचीच चिकित्सा करीत राहिले. तो भाग काढून टाकला तरी काही काळाने मूल पुन्हा पूर्वीच्याच स्थितीला येई. विसाव्या शतकाच्या आरंभापासून काही संशोधकांनी खालच्या अरुंद भागात मज्जापेशी नसल्याचे नोंदविले होते, परंतु त्या नोंदीचे महत्त्व उशिरा कळले. बोस्टन येथील शल्यचिकित्सक ऑरव्हर स्वेन्सन यांना असे दिसून आले की, अशा मुलांच्या पोटावर मल बाहेर येण्याचा तात्पुरता मार्ग केला की ती सुधारतात, आणि तो मार्ग बंद करताच रोग परत येतो. त्यावरून दोष वरच्या फुगीर भागात नसून, खालच्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या अरुंद भागात आहे हे उघड झाले. १९४८ मध्ये स्वेन्सन व त्यांचे सहकारी अलेक्झांडर बिल यांनी तो पेशीविरहित भाग काढून टाकून वरचे निरोगी आतडे थेट गुदद्वारापर्यंत आणून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. त्यानंतर फ्रान्समधील द्युआमेल व इटलीतील सोआवे यांनी तिच्यात आपापल्या पद्धतीने फेरबदल केले. १९९८ मध्ये मेक्सिकोतील शल्यचिकित्सकांनी पोट न उघडता गुदमार्गानेच ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली. योग्य रुग्णांत ती आज सर्वत्र रूढ झाली आहे.

भारतातही ही शाखा स्वतंत्रपणे वाढली. मुंबईतील परळ येथे १९२९ पासून कार्यरत असलेले बाई जेरबाई वाडिया रुग्णालय हे केवळ बालकांसाठी उभारलेले देशातील जुने रुग्णालय होय. बालशल्यचिकित्सकांची अखिल भारतीय संघटना १९६५ मध्ये स्थापन झाली. जी शस्त्रक्रिया एके काळी परदेशातील मोजक्या शहरांत होत असे, ती आज महाराष्ट्रातील बालशल्यचिकित्सक नित्य करीत आहेत.

पहिले ४८ तास

नवजात बालकाची पहिली शी काळसर हिरवी व चिकट असते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बालकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बालके ती पहिल्या २४ तासांत करतात आणि जवळजवळ सर्व बालके ४८ तासांच्या आत करतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना यापेक्षा थोडा अधिक वेळ लागू शकतो. हिर्शस्प्रुंग रोगात ही पहिली शी बहुधा उशिरा होते. म्हणून पुढील चार लक्षणे प्रत्येक परिचारिकेस, आशा स्वयंसेविकेस व घरातील वडीलधाऱ्या स्त्रीस ठाऊक असावीत :

एक, २४ तास उलटूनही पहिली शी न होणे. अशा बाळाला डॉक्टरांनी तपासलेच पाहिजे.

दोन, पोट फुगणे व ताणले जाणे.

तीन, हिरव्या रंगाची उलटी. नवजात बालकाची हिरवी उलटी म्हणजे आतडे कोठेतरी अडले आहे असेच तज्ज्ञांकडून अन्यथा ठरेपर्यंत समजावे. तिचे कारण हा रोग असो वा आतड्याला पडलेला पीळ असो, बाळाला त्याच घटकेस पुढे पाठविणे आवश्यक असते.

चार, दूध न ओढणे व मलूल पडणे.

या चारांसोबत आणखी एक पाहणी आहे, तिला कोणतेही उपकरण लागत नाही. प्रसूतीनंतर लगेच बाळाचे गुदद्वार आहे की नाही, ते योग्य जागी आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. गुदद्वार नसणे हा वेगळा जन्मजात दोष आहे. त्याचेही प्रमाण सुमारे पाच हजारांत एक असेच आहे व त्यावरही शस्त्रक्रिया होते. बाळ दुपट्यात गुंडाळून आईजवळ देण्याची घाई झाली, तर हा दोष दोन-तीन दिवस कोणाच्याही ध्यानात न येण्याची शक्यता असते.

पोट फुगले की घरोघरी उपाय सुरू होतात. कोणी एरंडेल पाजते, कोणी घुटी उगाळते, कोणी साबणाच्या पाण्याचा एनिमा देते. मेळघाटासारख्या काही भागांत फुगलेल्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याचे प्रकारही घडलेले आहेत. अडलेल्या आतड्यावर एरंडेल अथवा घुटी म्हणजे बंद दारावर वरून लोटलेला लोंढा होय. साबणाचे अथवा साधे पाणी आतड्यातून रक्तात शोषले जाऊन अपाय होऊ शकतो. चटक्यांनी तर रोगावर काहीच परिणाम होत नाही. वाया जातो तो वेळ, आणि बाळाच्या अंगावर जखम व जंतुसंसर्ग यांची भर पडते.

अनुभवाने नव्हे, नियमाने

या विकाराची ओळख उशिरा का पटते, याचे उत्तर साध्या गणितात आहे. मैदानी भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे सुमारे तीस हजार लोकसंख्या असते. राज्याचा जन्मदर हजारी पंधरा ते सोळा धरला तर तेथे वर्षाला साडेचारशे ते पावणेपाचशे जन्म होतात. पाच हजारांत एक या प्रमाणाने त्या केंद्राच्या क्षेत्रात असे बालक साधारणपणे दहा-अकरा वर्षांतून एकदा जन्मेल. पाच हजार लोकसंख्येच्या उपकेंद्रातील परिचारिकेला तर आपल्या संपूर्ण सेवेत ते कदाचित एकदाही दिसणार नाही.

याचा अर्थ असा की, या बाबतीत अनुभवावर विसंबून चालणार नाही. जे वर्षानुवर्षे दिसत नाही ते समोर आल्यावर ओळखू येईलच असे नाही. त्याऐवजी एक ठरलेला नियम हवा : प्रत्येक बाळाच्या पहिल्या शीची वेळ लिहावयाची, आणि ती २४ तासांत झाली नाही तर वैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावयाचे. हा नियम पाळण्यास पैसा लागत नाही; माता व बाल संरक्षण कार्डावरील एक ओळ पुरते.

या नियमाला पोषक अशी व्यवस्था आज अस्तित्वात आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला. बाळंतिणीने प्रसूतीनंतर किमान ४८ तास संस्थेत राहावे अशी अपेक्षा आहे आणि तिच्या भोजनाची सोयही तेथे आहे. पहिल्या शीची मुदत नेमकी या ४८ तासांत येते. परंतु घरच्या अडचणीमुळे, शेतीच्या हंगामामुळे किंवा खाटा अपुऱ्या असल्यामुळे माता दुसऱ्याच दिवशी घरी गेली, तर एक पोकळी निर्माण होते. कारण संस्थेत प्रसूती झालेल्या बाळासाठी आशा स्वयंसेविकेची पहिली गृहभेट तिसऱ्या दिवशी ठरलेली असते. म्हणून बाळाला घरी सोडताना शी झाली की नाही हे पाहूनच सोडावे. झाली नसेल तर थांबवून घ्यावे. तिसऱ्या दिवसाच्या भेटीत आशाताईंनीही वजन व तापमान यांबरोबर हाच प्रश्न विचारावा.

गृहभेटींच्या या पद्धतीचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला, याचे येथे स्मरण होणे उचित आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरीच देखभाल करण्याचा प्रयोग केला व त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातील अल्पशिक्षित स्त्री नवजात बालकातील धोक्याची लक्षणे अचूक ओळखू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. पहिल्या शीची वेळ पाहणे हे त्या मानाने सोपे काम आहे.

सिल्लोडहून पुढचा प्रवास

मका, कापूस व मिरची यांसाठी ओळखला जाणारा सिल्लोड तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगांलगत पसरलेला आहे. सिल्लोड शहरापासून छत्रपती संभाजीनगर फुलंब्रीमार्गे सुमारे ६५ किलोमीटर आहे. अजिंठा, शिवना वा घाटनांद्रा या बाजूच्या गावांना त्यात सिल्लोडपर्यंतच्या अंतराची भर पडते. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये स्थापन झाले. त्याचे रुग्णालय साऱ्या मराठवाड्यात ‘घाटी’ या नावाने ओळखले जाते. गंभीर रुग्ण पुढे पाठविण्याचे ते या विभागातील प्रमुख ठिकाण होय.

आतडे अडलेल्या नवजात बालकासाठी ६५ किलोमीटरांचा प्रवास हाच एक उपचाराचा भाग असतो. तो नीट झाला तर बाळ शस्त्रक्रिया सोसण्याच्या स्थितीत पोहोचते. त्यासाठी पाठविणाऱ्या केंद्राने काही गोष्टी कटाक्षाने कराव्यात. बाळाला ऊब मिळाली पाहिजे. टोपी, मोजे घालून व आईच्या उघड्या छातीशी धरून नेणे हा त्याचा सोपा उपाय आहे. हिरवी उलटी होत असेल तर तोंडाने दूध देणे थांबवून नाकावाटे जठरात नळी घालावी, म्हणजे वायू व द्रव बाहेर पडून उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका टळतो. शिरेवाटे द्रव सुरू करावा. पहिल्या शीची वेळ, उलट्यांचा रंग, दिलेली औषधे ही सर्व माहिती चिठ्ठीत लिहावी. पुढील रुग्णालयास दूरध्वनीने आगाऊ कळवावे. आईला बाळासोबतच पाठवावे. तिचे दूध पुढे लागणारच असते.

वाहनासाठी १०८ व १०२ या क्रमांकांच्या रुग्णवाहिका आहेत. १०८ क्रमांकाची सेवा राज्यात २०१४ पासून सुरू आहे. खाजगी वाहनाची जुळवाजुळव करण्यात वेळ घालविण्यापूर्वी हे क्रमांक फिरवावेत, ही गोष्ट प्रत्येक पाड्यावर व वस्तीवर माहीत असणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे.

निदान व शस्त्रक्रिया

रुग्णालयात प्रथम पोटाचे क्ष-किरण चित्र घेतात. नंतर गुदमार्गाने क्ष-किरणांत दिसणारे द्रावण सोडून आतड्याचा आकार पाहतात. खालचा अरुंद भाग व वरचा फुगलेला भाग यांची सीमा त्यात बहुधा दिसते. अंतिम निर्णय मात्र सूक्ष्मदर्शकाचा असतो. गुदाशयाच्या भिंतीचा अगदी लहान तुकडा काढून त्यात गँग्लियॉन पेशी आहेत किंवा नाहीत हे विकृतिशास्त्रज्ञ तपासतात. या तपासणीवाचून आतडे काढण्याची शस्त्रक्रिया केली जात नाही.

निदान होईपर्यंत व त्यानंतरही रुग्णालयात मिठाच्या निर्जंतुक द्रावणाने आतडे नियमित धुतात. यामुळे फुगवटा उतरतो व बाळ दूध पिऊ लागते. हे काम प्रशिक्षित हातांचे आहे; मातेला ते शिकविले असेल तरच, आणि सांगितलेल्या द्रावणानेच, तिने ते घरी करावे.

शस्त्रक्रियेचे तत्त्व १९४८ पासून तेच आहे : पेशी नसलेला भाग काढावयाचा, पेशी असलेले निरोगी आतडे खाली आणून गुदद्वाराजवळ जोडावयाचे. बाळ वेळेवर आले, आतडे फार फुगलेले नसले आणि दोष लहान भागापुरता असला, तर हे काम एकाच शस्त्रक्रियेत होऊ शकते. उशीर झालेला असेल, आतडे फार ताणलेले असेल किंवा जंतुसंसर्ग झालेला असेल, तर ते टप्प्याटप्प्याने करावे लागते. पहिल्या टप्प्यात पोटावर मल बाहेर येण्याचा तात्पुरता मार्ग करतात. काही महिन्यांनी, आतडे मूळ आकारास आल्यावर व मुलाचे वजन वाढल्यावर, मुख्य शस्त्रक्रिया होते. त्यानंतर पोटावरील मार्ग बंद करतात. वेळेवर आणलेल्या बाळाची एक शस्त्रक्रिया आणि उशिरा आणलेल्या बाळाच्या तीन, असा हा फरक पडू शकतो. त्या तीन शस्त्रक्रियांबरोबर तीनदा रुग्णालयात राहणे, तीनदा बुडालेली मजुरी व तीनदा भूल आली.

जुलाबाचा धोका

या रोगात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण मलावरोध नसून आतड्याचा दाह हे आहे. अडलेल्या मलात जंतू वाढतात, आतड्याला सूज येते व विष रक्तात भिनते. मग ज्या मुलाला चार-चार दिवस शी होत नव्हती त्याला अचानक पातळ, अत्यंत दुर्गंधीयुक्त जुलाब होऊ लागतात. ताप येतो, पोट पुन्हा फुगते. घरच्यांना वाटते, पोट एकदाचे मोकळे झाले. साध्या अतिसाराची समजूत होऊन केवळ मीठ-साखरेचे पाणी पाजले जाते. असे मूल एक-दोन दिवसांत हाताबाहेर जाऊ शकते.

हा धोका शस्त्रक्रियेनंतरही काही काळ, विशेषतः पहिली एक-दोन वर्षे, राहतो. म्हणून ज्या घरात असे मूल आहे ते घर आशा स्वयंसेविका व आरोग्यसेविका यांना माहीत असावे. ताप, पोटफुगी व जुलाब ही तिन्ही एकत्र दिसताच त्या मुलाला रात्र असली तरी रुग्णालयात न्यावे.

पोटावरील मार्ग व घरातील काळजी

पोटावर मल बाहेर येण्याची वाट असलेले मूल घरी आले की कुटुंब गोंधळते. शेजारी विचारू लागतात. काही ठिकाणी विटाळाची भाषा बोलली जाते. मुळात ही वाट तात्पुरती आहे व तिच्यामुळेच मूल वाचले आहे, हे आजी-आजोबांना समजावून देणे आवश्यक असते.

काळजी कठीण नाही. तोंडाशी दिसणारा आतड्याचा भाग लालसर व ओलसर असणे हे चांगले लक्षण आहे. तो काळा पडला, फार बाहेर आला किंवा मल येणे थांबले तर डॉक्टरांना दाखवावे. भोवतीची त्वचा कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडी ठेवावी व सांगितलेले मलम लावावे. बाजारातील पिशव्या सर्वांना परवडत नाहीत. लहान बाळाच्या बाबतीत स्वच्छ, उन्हात वाळविलेल्या सुती कापडाच्या घड्या वारंवार बदलूनही काम भागते. बाळाला अंघोळ घालता येते, आईचे दूध देता येते.

सर्वांत मोठी अडचण पुढेच येते. मूल बाळसे धरते, हसू-खेळू लागते आणि पुढील शस्त्रक्रियेची तारीख पेरणीत वा कापूस वेचणीत येते. मग ती पुढे ढकलली जाते. ऊसतोडीसाठी किंवा मजुरीसाठी कुटुंब परगावी गेले तर नोंदच तुटते. अर्धवट राहिलेला उपचार म्हणजे मुलाच्या बालपणावर लादलेले वर्षानुवर्षांचे ओझे होय. आशा स्वयंसेविकेच्या वहीत पुढील तारीख लिहिलेली असणे व ती जवळ आल्यावर कुटुंबास आठवण देणे, यास शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व आहे.

अंगणवाडी व शाळा

सर्वच मुलांत दोष जन्मतः उघड होत नाही. दोषाचा भाग लहान असेल तर मूल एनिमा व रेचके यांच्या आधारे वाढते. असे मूल अंगणवाडीत किंवा पहिली-दुसरीच्या वर्गात दिसते : हातपाय बारीक, पोट मोठे, चेहरा फिकट, वजन वयाच्या मानाने कमी. त्याला जंत झाले असतील असे समजून जंतांच्या गोळ्या दिल्या जातात, किंवा कुपोषित म्हणून आहार वाढविला जातो. अंगणवाडी सेविकेने व शिक्षकाने पालकांना एवढेच विचारावे की, हे मूल जन्मापासूनच आठवड्यातून एक-दोनदाच शौचाला जाते काय? उत्तर होकारार्थी असेल तर त्या मुलाला तज्ज्ञाकडे पाठविले पाहिजे. मुलांमधील बहुतेक मलावरोध साधा असतो, हे खरे; परंतु जन्मापासूनचा मलावरोध, फुगलेले पोट व खुंटलेली वाढ ही तिन्ही एकत्र असतील तर तो साधा समजू नये.

शस्त्रक्रिया झालेल्या काही मुलांना प्रारंभीची काही वर्षे शौचावर पूर्ण ताबा नसतो. कपडे खराब होतात. वयाबरोबर बहुतेकांत सुधारणा होते. तोपर्यंत शिक्षकाची वागणूक निर्णायक ठरते. अशा मुलाला न विचारता वर्गाबाहेर जाण्याची मुभा असावी, त्याला दाराजवळ बसवावे, बदलण्याचे कपडे शाळेत ठेवू द्यावेत व त्याच्या आजाराची चर्चा वर्गात होऊ देऊ नये. शाळेच्या शौचालयात पाणी असणे व त्याच्या दाराला आतून कडी असणे, ही या मुलाच्या दृष्टीने शिक्षणाचीच सोय आहे. आतड्याच्या विकाराने नव्हे, तर हसे होण्याच्या भीतीने मूल शाळा सोडणार नाही, याची जबाबदारी शाळेची आहे.

शासकीय योजनांचा आधार

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. या कार्यक्रमाखाली फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या कार्यक्रमाच्या मूळ राष्ट्रीय यादीत तीस आरोग्यस्थितींचा समावेश होता. त्यांपैकी नऊ जन्मजात दोष होते. दुभंगलेला ओठ, वाकडा पाय, जन्मजात हृदयरोग इत्यादी त्यांत होते, परंतु आतड्याचा हा विकार त्यांत स्वतंत्रपणे नव्हता. म्हणून पथक येईल तेव्हा शिक्षकाने व अंगणवाडी सेविकेने अशा मुलाकडे त्यांचे लक्ष स्वतःहून वेधणे अगत्याचे ठरते.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी अर्भकास शासकीय संस्थांत औषधे, तपासण्या व वाहतूक मोफत मिळते. आरंभी ही सवलत जन्मापासून तीस दिवसांपर्यंत होती. पुढे ती एक वर्षापर्यंत वाढविण्यात आली. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी राज्यात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली व नोव्हेंबर २०१३ मध्ये उर्वरित जिल्ह्यांत तिचा विस्तार झाला. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. बालशल्यचिकित्सा ही या योजनेतील एक शाखा आहे. २०२३ मध्ये शासनाने तिचे संरक्षण वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा व तिची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढविण्याचा निर्णय घेतला. योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. कुटुंबाने प्रथम त्यांना भेटावे.

तरीही गरीब कुटुंबाची अडचण पूर्णपणे संपत नाही. शिधापत्रिका घरी राहिलेली असते, बाळाच्या जन्माचा दाखला निघालेला नसतो, वडिलांचा रोज बुडतो, घरी राहिलेल्या भावंडांकडे पाहण्यास कोणी नसते. या अडचणी वैद्यकीय नाहीत. त्या गावानेच सोडवावयाच्या आहेत.

गावाचे कर्तव्य

ग्रामपंचायतीस या कामी पुष्कळ करता येईल. जन्माची नोंद त्वरित करून दाखला विनाविलंब देणे हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या हातचे काम आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या अबंधित निधीतून अत्यंत गरजू कुटुंबास तातडीची मदत देण्याचा विचार समितीस करता येतो. समितीच्या मासिक सभेत, जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पहिल्या शीची नोंद झाली काय, हा प्रश्न विचारला जावा. महिला सभेत व ग्राम आरोग्य दिनी चार लक्षणे सांगितली जावीत. शाळेच्या शौचालयाचे पाणी हा ग्रामपंचायत विकास आराखड्यातील विषय व्हावा. उपचार सुरू असलेल्या मुलाच्या कुटुंबास तारखेच्या दिवशी रुग्णालयात पोहोचता येईल, हे सदस्यांपैकी एकाने पाहावे.

शल्यचिकित्सेने आपले काम केले आहे. ज्या विकारात एके काळी मूल वर्षभरही जगत नसे, त्यात आज सुसज्ज केंद्रांत उपचार मिळालेली बहुसंख्य मुले वाचतात, शाळेत जातात, शेतात व कारखान्यात काम करतात. परंतु शल्यचिकित्सकाची सुरी ६५ किलोमीटर दूर आहे आणि रोगाचे पहिले चिन्ह बाळाच्या दुपट्यात आहे. त्या दुपट्याकडे घरातील आजी, आशाताई व परिचारिका यांचेच लक्ष जाते. बाळाच्या वजनाबरोबर पहिल्या शीची वेळही कार्डावर लिहिण्याची सवय सिल्लोडसारख्या प्रत्येक तालुक्यात लागली, तर दहा वर्षांतून एकदा येणारे ते बालकही नजरेतून सुटणार नाही.